टमरेलबाईची चाल

गावात पहिला संडास कुणी बांधला, असं विचारलं तर लोक आजही इकडंतिकडं बघतात. सरपंचांनी, असं म्हणायची सोय नाही. सरपंच देविदासरावांच्या घरी तेव्हा ट्रॅक्टर होता, रंगीत टीव्ही होता, पुढच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात बाहुल्या होत्या. संडास तेवढा नव्हता. पहिला संडास झाला तो बौद्धवाड्यातल्या पंचफुलाबाईच्या परसात. तिचा नवरा मुंजाजी गवंडी. जन्मभर दुसऱ्यांच्या भिंती उभ्या करणाऱ्या या माणसाच्या ती हात धुऊन मागं लागली, आणि उरलेल्या विटा, फुटकी फरशी, कुणाच्या तरी गोठ्याचं जुनं पत्र्याचं दार असं गोळा करून त्यानं एकदाचा तो उभा केला. जवळा बाजारच्या रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून बघायची आणि नाकं मुरडायची. घरामागं घाण करायची म्हणजे काय, असं म्हणत स्वतः टमरेल घेऊन पुढं जायची.

पंचफुलाच्या हट्टाला कारण होतं. लग्नाआधी ती कापसाच्या गाडीवरून पडली होती. उजवा खुबा सरकला आणि तसाच जुळला. पहाटे अंधारात बाया रस्त्याकडेला बसायच्या, आणि एखाद्या गाडीचा उजेड आला की सगळ्या पटकन उठून उभ्या राहायच्या. हिला उठायला वेळ लागायचा. उजेड काही थांबायचा नाही. मग सगळ्या बाया उभ्या, आणि लख्ख उजेडात ही एकटी बसलेली. गाडीतले टपोरी आरोळ्या ठोकत जायचे. हे तिनं नवऱ्यालाही कधी नीट सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं फक्त पोराला, प्रेमानंदला, तेही तो शाळेत असताना एकदा तापानं फणफणला होता आणि काहीतरी बोलत राहा म्हणत होता तेव्हा.

त्या अंधारात बाया एकमेकींना तोंडावरून नाही, चालीवरून ओळखायच्या. पंचफुलाची चाल तर सगळ्यांत सोपी. उजवा पाय टाकायचा, हातानं मांडी दाबायची, क्षणभर थांबायचं, मग अंग वर उचलून डावा पाय झटक्यात पुढं घ्यायचा. आणि शेवटी चप्पल फटकन वाजायची. पण गावानं त्या चालीला कधी नाव ठेवलं नव्हतं. शेजारच्या द्वारकाबाईचं लेकरू फट्ट ऐकलं की आपण होऊन दार उघडायचं.

प्रेमानंदचा हात चित्रात चांगला होता. बारावी झाल्यावर तो औरंगाबादला अ‍ॅनिमेशनच्या क्लासला गेला. चित्रं हलवायची विद्या, असं पंचफुला सगळ्यांना सांगायची. दोन हजार चार-पाचचे दिवस होते, असे क्लास तेव्हा गल्लोगल्ली निघाले होते. थंडीत तो घरी आला तो मित्राचा हातातला व्हिडिओ कॅमेरा घेऊन.

"माय, निस्तं चालून दाखव," तो म्हणाला. "दारापासून हौदापर्यंत."

"काहून रं?"

"माझ्या सिनेमात घेऊन राहिलो तुला."

पंचफुला आत गेली, ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसून आली, केसांना तेल लावून आली. प्रेमानंद हसला, लुगड्याचं काही काम नाही म्हणाला, पण तिनं ऐकलं नाही. सबंध सकाळ ती दारापासून हौदापर्यंत चालली. समोरून, मागून, रिकाम्या हातानं, हातात तांब्या घेऊन. तांब्या कशाला, हे तिनं विचारलं नाही. पोरगं कौतुकानं बघत होतं, तेवढ्यानं तिचा खुबा दुखायचा थांबला होता. संध्याकाळपर्यंत अख्ख्या वाड्याला माहीत झालं होतं की पंचफुला सिनेमात येणार.

त्या साली जिल्ह्यात स्वच्छतेचं खूळ जोरात होतं. पहाटे शिट्ट्या फुंकत पथकं फिरायची, उघड्यावर बसलेल्या माणसाला फूल द्यायची आणि त्याचा फोटो काढायची. ही असली कामं ज्यांना सुचतात त्यांच्या बुद्धीला नमस्कार करावा. त्यातल्याच कुणा साहेबाच्या डोक्यात आलं की विद्यार्थ्यांकडून छोटे कार्टून सिनेमे करून घ्यावेत आणि गावोगाव दाखवावेत. स्पर्धा झाली. प्रेमानंदचा सिनेमा पहिला आला. आणि मान म्हणून पहिला खेळ त्याच्याच गावात ठेवला.

दिवेलागणीला जीप आली. शाळेच्या भिंतीवर पांढरी चादर बांधली, जनरेटर घुरघुरायला लागला. साहेब खुर्चीवर बसले. एका हातात पाण्याची विकतची बाटली, दुसऱ्या हातात नाकाला लावायला रुमाल. गाव दिसलं की यांचा रुमाल आपोआप वर जातो. पंचफुला जांभळं लुगडं नेसून बायांच्या पुढच्या रांगेत बसली होती. आख्खा वाडा तिनं गोळा करून आणला होता. द्वारकाबाई तिच्या मांडीला मांडी लावून.

सिनेमा सुरू झाला. कोंबडा आरवला, सूर्य वर आला, आणि एका खोपटातून एक बाई बाहेर आली. काळी, सुटलेली, नाकातून शेंबूड लोंबतोय, केसांत उवा पळताहेत, भोवती माश्यांचं मोहोळ. तिनं शेंबूड पदराला पुसला आणि त्याच पदरानं ताट पुसलं. पोरं खिदळली.

पंचफुलाही हसली. "काय घाण बाई हाय गं," ती द्वारकाबाईला म्हणाली, आणि आपण कधी येतो याची वाट बघत बसली.

मग त्या बाईनं टमरेल उचललं आणि ती चालू लागली.

पंचफुलाला आधी कळलं ते खुब्यात. पडद्यावरच्या बाईनं उजवा पाय टाकला आणि हिचा उजवा खुबा ठणकला. हात मांडीवर आला. क्षणभर थांबणं आलं. अंग उचललं गेलं, डावा पाय झटक्यात पुढं पडला, आणि जनरेटरच्या वरताण आवाजात चप्पल वाजली. फट्ट.

एवढंसं लेकरू ओरडलं, "पंचफुलामावशी!" ते द्वारकाबाईचंच होतं.

गाव हसलं. थोडंथोडकं नाही, लोळून हसलं. ज्यांच्या घरी संडास नव्हते ते जास्त हसले. देविदासराव डोळे पुसत होते. आणि पडद्यावर ती चाल संपता संपेना. बाई वेशीतून गेली, देवळापुढून गेली, शाळेपुढून गेली, आणि प्रत्येक पावलाला गावातली पोरं एका सुरात फट्ट म्हणू लागली. मग ती रस्त्याकडेला बसली. तिथले आवाज काढायला प्रेमानंदनं काय केलं असेल कोण जाणे, मेहनत मात्र घेतली होती. तेवढ्यात जीप आली, उजेड पडला, बाकीच्या बाया उठून पळाल्या. हिला उठता येईना. अर्धी उठली, मांडी दाबली, पुन्हा बसली. पुन्हा उठली, आणि तोंडावर पडली, त्याच घाणीत. माश्या उडाल्या त्या थेट एका गोऱ्यागोमट्या घरातल्या ताटावर बसल्या. गोरं बाळ आजारी पडलं. शेवटी मोठ्या अक्षरांत आलं आणि एका बाईनं लाडिक आवाजात वाचून दाखवलं: तुमच्या गावात अशी टमरेलबाई आहे का?

"हाय! हाय!" पोरं ओरडली.

द्वारकाबाईचं हसू कधीच थांबलं होतं. तिनं पंचफुलाचा हात धरला.

एवढ्यावर भागलं असतं तरी बरं. पण सत्कार राहिला होता. प्रेमानंदच्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला. साहेबांनी रुमाल खिशात घालून भाषण केलं, आणि म्हणाले, "अशा कलावंताला जन्म देणाऱ्या मातोश्रींनीही पुढं यावं."

पंचफुला उठली नाही. साहेबांनी पुन्हा पुकारलं. मुंजाजी मागून खेकसला, "अगं जाय की, साहेब बोलावून राहिले." बायांनी वाट करून दिली. आता बसून राहणंही तितकंच चारचौघांत होतं, म्हणून ती उठली. उठायला वेळ लागला. उजवा पाय टाकला, मांडी दाबली, थांबली, डावा पुढं घेतला.

"फट्ट," अंधारातून कुणीतरी म्हणालं.

हास्याचा लोट आला. साहेबांना वाटलं, गावाचं प्रेम, तेही हसले. पंचफुलानं मान वर करून पोराकडं बघितलं. त्यानं तरी मान खाली घातली असेल, असं तिला वाटत होतं. प्रेमानंद तिच्या तोंडाकडं बघतच नव्हता. तो तिच्या पायांकडं बघत होता, मान किंचित कलती करून, समाधानानं, आपलं चित्र बरोबर आलंय की नाही हे पडताळत.

तिथून पुढं नारळ हातात कधी आला, घरी कशी आली, तिला आठवत नाही.

रात्रीच्या जेवणाला प्रेमानंद दुधात भाकरी कुस्करत होता. पंचफुला चुलीपाशी बसली होती.

"प्रेमा, ती बाई मी हाय?"

"न्हाई गं माय. तोंड बघ की तिचं. तुझ्यावाणी हाय का? निस्ती चाल घेतली तुझी."

"काहून?"

"अगं, माणूस चालवणं लई अवघड असतं. एकेका पावलाला ढीगभर चित्रं काढावी लागतात. समद्या पोरायच्या बाया रबराच्या बाहुल्यावाणी चालून राहिल्या व्हत्या. सर म्हणले, हिच्या अंगाला वजन हाय. तुझ्या चालीमुळंच नंबर आला, माय." हे तो अगदी मायेनं सांगत होता.

"आन गाडीचा उजेड?"

प्रेमानंद थांबला. "ते तू मला सांगितलं व्हतं ना एकदा. माझ्या डोस्क्यात तेच व्हतं. लोक तिथंच सगळ्यात जास्त हसतात."

"गावात पहिला संडास माझा हाय, प्रेमा."

"तेच म्हणून राहिलो. साऱ्याला माहीत हाय तू बाहेर जात न्हाईस. मंग कोण कशाला मनावर घेईल?"

"काढून टाक ते."

"आता कसं निघंल? सिनेमाच्या सीड्या साऱ्या तालुक्यात गेल्या. अन् क्लासात हेच जमा करायचं हाय मला."

दुधानं माखलेली ती बोटं तोंडात जात होती, बाहेर येत होती. याच बोटांनी त्यानं शेंबूड काढला, उवा काढल्या, माश्या काढल्या, आणि त्यांच्या मधोमध आपली आई बसवली. पंचफुलाला पोटच्या पोराची किळस आली. मग, लेकराची किळस येते ती कसली माय, म्हणून स्वतःची आली. तिनं तोंडाला पदर लावला आणि भाकरीची दुरडी त्याच्याकडं सरकवली; उठून वाढलं नाही.

मुंजाजीनं शालीची घडी घालून पेटीत ठेवली. "झालं गेलं," तो म्हणाला. "पोरगं नाव काढून राहिलं." नाव कुणाचं निघालं, हे त्याला विचारायला तिच्यात त्राण नव्हतं.

सिनेमा गावोगाव फिरला. जवळा बाजारला भर आठवडी बाजारात दाखवला. त्यानंतरच्या बाजारी पंचफुला मिरच्या घ्यायला गेली, तर कधी न बघितलेल्या माणसांनी तिला ओळखलं. एका लेकरानं बोट दाखवलं. त्याच्या आईनं ते बोट खाली दाबलं आणि मग स्वतःच तोंडाला पदर लावून हसली. मिरचीवाला म्हणाला, "या टमरेलबाई, तिखट घ्या की." मनात त्याच्या काही वाईट नव्हतं. वाईट मनात नसलेल्या माणसांनी तिला दिवसभर असं सोलून काढलं. पुन्हा ती बाजाराला गेली नाही.

घरात कुणी नसताना तिनं सरळ चालायचा प्रयत्न करून बघितला. हात मांडीवर न्यायचा नाही, थांबायचं नाही. हौदापाशी पडली आणि कोपर फोडून घेतलं. देविदासरावांची आई निर्मलाबाई पदराआड टमरेल घेऊन रोज पहाटे तिच्या दारावरून जायची, ती एकदा थांबून म्हणाली, "पंचफुले, आमी आपल्या लपून जातो बाई. तू तर जाहीर झालीस." आणि गेली आपल्या कामाला. पुढं गावाला स्वच्छतेचं बक्षीस मिळालं. ज्या घरांनी मोहिमेत बांधलेल्या संडासाच्या खोलीत कडबा भरला होता, ती घरंही फोटोत पुढं उभी होती.

प्रेमानंद पुन्हा आला तो पुढच्या वर्षी, तुरीच्या शेंगा भरल्या होत्या तेव्हा. या वेळी कॅमेरा मोठा होता, तीन पायांच्या घोडीवर ठेवायचा. हैदराबादच्या कुठल्याशा कंपनीनं त्याचा सिनेमा बघितला होता. चाल त्यांना फार आवडली होती. तशीच चाल सगळ्या बाजूंनी करून आण, मग नोकरीचं बघू, असं त्यांनी सांगितलं होतं.

"या टायमाला बाई लई चांगली हाय, माय," तो घाईघाईनं म्हणाला. "म्हातारी असती, साऱ्या गावाला पाणी पाजती. देवासारखी. तुझं समदं भरून निघंल."

पंचफुला ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. ती सोलतच राहिली.

"ऊठ ना माय. निस्तं दारापासून हौदापर्यंत."

"माझी चाल तू नेलीस की रं. घरात न्हाई ती आता."

तो आधी हसला, मग रुसला, मग पाया पडला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण उठली नाही. तहान लागली म्हणाला, तर माठाकडं बोट केलं. संध्याकाळी द्वारकाबाईनं चूल पेटवून दिली आणि पंचफुलानं बसल्या जागी भाकऱ्या थापल्या. प्रेमानंद परसात कॅमेरा मांडून बसला होता. संडासाला जायची वाट त्याच्यासमोरूनच होती. दुपारपासून तिचं पोट तटतटून राहिलं होतं. तिनं पाणी पिणं बंद केलं आणि अंधाराची वाट बघू लागली. ज्या अंधाराची वाट बघावी लागू नये म्हणून विटा गोळा केल्या, त्याच अंधाराची, आपल्याच घरात, आपल्याच पोराच्या धाकानं.

पोरगं झोपेना. परसातच कॅमेऱ्यापाशी अंथरूण टाकून मोबाइल दाबत पडलं होतं. शेवटी पहाटे, बाया निघायच्या वेळेला, त्याला झोप लागल्यासारखी वाटली. पंचफुला भिंत धरून उठली. परसात आली. चप्पल तिनं मुद्दाम घातली नव्हती. उजवा पाय टाकला, मांडी दाबली, थांबली.

लख्ख उजेड पडला.

परसातला बल्ब लागला होता. कॅमेऱ्यावर बारीक लाल ठिपका पेटला होता आणि त्यामागं प्रेमानंद उभा होता, एक डोळा मिटून.

"थांबू नको माय," तो दबक्या आवाजात म्हणाला. "चालत राह्य. लई भारी येऊन राहिलंय."

पंचफुलानं डोळ्यांवर हात धरला. गाडीतून आरोळ्या ठोकणारे टपोरी निदान परके होते. तिनं भिंतीचा आधार घेतला, आणि वेळ लागतो तेवढा वेळ घेऊन खाली बसली. परसाच्या मधोमध, उजेडात.

"माय, ऊठ की."

"काढ," ती म्हणाली. "उजेडात बसलेली काढ. तुला ठाऊकच हाय ते. पर चालताना मी तुला आता दिसायची न्हाई. मेल्यावर बी उचलूनच नेतेत माणसाला."

थोड्या वेळानं लाल ठिपका विझला. बल्ब प्रेमानंद मालवायला विसरला. मुंजाजी उठला, दारात आला, दोघांकडं बघितलं आणि आत गेला. उजाडलं. प्रेमानंदनं घोडीचे पाय मिटले, बॅग भरली. निघताना तो वाकला तेव्हा तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली, कारण तो तिचाच होता आणि दूर चालला होता. पण त्याला पोचवायला वेशीपर्यंत काय, दारापर्यंतही ती गेली नाही. त्यानं कोपऱ्यावरून वळून बघितलं. ती तिथंच बसलेली होती.

सकाळच्या गाडीचा हॉर्न वाजला. गाडी थांबली, निघाली, वळणापलीकडं तिचा आवाज गेला. द्वारकाबाई धावत आली आणि तिनं हात पुढं केला.

"गेला का?" पंचफुलानं विचारलं.

"गेला."

"बराबर बघितलंस?"

"बघितलं गं. गाडीत बसला."

मग पंचफुलानं तिचा हात धरला, मांडी दाबली, आणि ती उठून संडासाकडं चालू लागली.